पिशवीत मावणारं रेडिओ स्टेशन

हिरड्याचे दिवस जवळ आलेत, रानात जाणाऱ्यांची घाई आहे, म्हणून फार वेळ घेत नाही. आज आम्ही कर्जाबद्दल बोलणार नाही आणि हप्त्याबद्दलही नाही. ज्यांचे हप्ते थकलेत त्यांनी लगेच खूश होऊ नये, तो विषय पुढच्या भागात आहेच. आज एका पिशवीबद्दल बोलायचं आहे.

आमचा गट अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डांगाणात. गडावर येणाऱ्या ट्रेकर मंडळींना जेवण करून देणं हा आमच्या गटाचा व्यवसाय. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. शनिवार-रविवारी चार चुली पेटतात. येणारी बहुतेक तरुण मुलं असतात. पण मार्गशीर्षात एक बाई आल्या, पन्नाशीच्या पुढच्या, पुण्याहून, एकट्या. पाठीवर पिशवी आणि हातात मासे धरायच्या गळासारखी लांब काठी. आमच्या धोंडाबाईंनी विचारलं, "मॅडम, इथं मासे कुठले? धरण तिकडं राहिलं." त्या हसल्या. म्हणाल्या, "ही काठी तार उंच धरायला आहे. मी हॅम आहे."

हॅम म्हणजे काय ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्यात एकच बी.ए. झालेली आहे, ती म्हणजे गटाची समन्वयक. तिनं मान डोलावली, पण माहीत तिलाही नव्हतं. हे आज रेडिओवरून कबूल केलेलं बरं.

जेवल्यावर त्यांनी पिशवी उघडली. दोन वेळच्या भाकरीचा डबा असतो तेवढी एक पेटी. विटेच्या अर्ध्या आकाराची बॅटरी. पतंगाच्या मांजाची चकरी असते तशा चकरीवर गुंडाळलेली पातळ तार. कानाला लावायचे हेडफोन, एक वही, एक पेन आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद. तो कागद म्हणजे लायसन्स. त्या म्हणाल्या, "हे माझं रेडिओ स्टेशन. जिथं जाते तिथं उघडते."

तार वीस मीटरची, मधोमध दोन भाग केलेले, दहा मीटर इकडं, दहा मीटर तिकडं. मधला भाग उंच बांधायचा आणि दोन्ही टोकं उतरती सोडायची, तंबूच्या दोऱ्यांसारखी. वाऱ्याला त्यांची काठी वाकायला लागली, म्हणून त्यांनी ठरवलं की शाळेमागच्या आंब्याच्या फांदीवरून दोरी टाकायची आणि तिनं तार वर ओढायची. सुतळीला दगड बांधून त्यांनी फेकला. पाच वेळा फेकला, पाचही वेळा फांदीच्या खालून गेला. मग आमच्या सखूमावशी उठल्या. मावशींचं वय सत्तरीला टेकलेलं, पण भातावरची पाखरं आयुष्यभर गोफणीनं उडवलेली. त्यांनी एकदाच फेकला आणि दगड नेमका फांदीवरून पलीकडं उतरला. तेव्हापासून मॅडमच्या ताई झाल्या.

एक गोष्ट ताईंनी आधी सांगितली, ती इथंही सांगतो. अशी तार विजेच्या तारेच्या आसपास कधी टाकायची नाही. आभाळ गडगडायला लागलं की सेटपासून तार सोडवून खाली उतरवायची आणि लांब व्हायचं. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या, गुराच्या गळ्यात येईल इतकी खाली बांधायची नाही. तिथं उभं राहून त्यांनी पोरांना हे दोनदा वदवून घेतलं.

मग बसल्या ओट्यावर. बटण फिरवलं, आधी खरखर, मग माणसांचे आवाज. हिंदी, इंग्रजी, तामिळसारखं काहीतरी. ताईंनी बराच वेळ नुसतं ऐकलं. म्हणाल्या, "आधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही." (आमच्या मासिक सभेत हा नियम लागू करावा असा ठराव तिथंच मांडला गेला, पास झाला नाही.) जागा मोकळी दिसल्यावर त्यांनी आपली कॉल साइन सांगितली. प्रत्येक हॅमला सरकारकडून असं एक नाव मिळतं, गाडीच्या नंबरासारखं, जगात दुसऱ्या कुणाचं नसतं. भारतातल्या बहुतेकांचं व्ही-यू या अक्षरांनी सुरू होतं. त्यांनी पुढं "पोर्टेबल" असं जोडलं, म्हणजे मी घरून नाही, बाहेर आले आहे. दोन-तीन वेळा हाक दिली आणि चौथ्या वेळेला उत्तर आलं. केरळमधून, कोचीजवळून. माणूस स्वच्छ बोलत होता. ताईंनी सांगितलं, मी सह्याद्रीत एका वाडीत आहे, दहा वॅटच्या आतला सेट आहे, तार आंब्यावर आहे. तो म्हणाला, आंब्याला माझा नमस्कार सांगा.

दहा वॅट म्हणजे किती, ते घरातल्या दिव्यावरून बघा. आपण एलईडीचा दिवा लावतो तो नऊ वॅटचा असतो. तेवढ्या ताकदीत कोची. ताई कधीकधी पाच वॅटवरही बोलतात. हॅम मंडळींमध्ये थोड्या ताकदीत लांब पोचण्याची हौसच असते.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही ज्या रेडिओवरून बोलताय तो तर दुसऱ्या घाटात खरखरायला लागतो. बरोबर आहे. आपल्यासारख्या कम्युनिटी रेडिओला १०० वॅटपर्यंत परवानगी असते आणि आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. कारण आपल्या एफएमची लहर सरळ जाते, डोंगर आला की अडते. ताईंच्या रेडिओची लहर वेगळी. डोंगराच्या पलीकडं दगड टाकायचा तर समोर मारून भागत नाही, वर फेकावा लागतो. तसंच हे. जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर आहे, सूर्याच्या उन्हानं त्यात वीज भरलेली असते. ही लहर तिथवर जाते आणि वळून परत खाली येते. तार फार उंच नसली तर लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आसपासच्या जिल्ह्यांत उतरते, मध्ये किती का डोंगर असेनात. दिवसा खालचा एक थर लांबची लहर खाऊन टाकतो, म्हणून जवळची माणसं लागतात. रात्री तो थर विरतो आणि लांबची लागतात. पण रात्री जवळची गायबही होतात. म्हणजे अर्ध्या रात्री नाशिक लागेलच असं नाही, केरळ लागेल.

हे ऐकून धोंडाबाई म्हणाल्या, "काय उपयोग? काम नाशिकला, आणि बोलायचं केरळशी?" ताई म्हणाल्या, "केरळच्या माणसाकडं फोन आहे ना. तो नाशिकला लावेल."

यावर कुणी काही बोललं नाही. का बोललं नाही ते ऐकणाऱ्या पुष्कळ जणींना माहीत आहे, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

गेल्या श्रावणात पाच दिवस पाऊस उघडला नव्हता. दुसऱ्या दिवशी घाटात दरड आली, रस्ता बंद. लाइट आधीच गेलेली. तिसऱ्या दिवशी मोबाइलच्या टॉवरची बॅटरी संपली आणि सगळ्यांचे फोन मुके झाले. त्याच दिवशी संध्याकाळी वरच्या वाडीतल्या आमच्या गटाच्या एका लेकीला आठव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. नाव सांगत नाही, तिनंच सांगितलंय नाव घेऊ नका, पण गोष्ट सांगा. तिची सासू आणि आमच्यातल्या दोघी टॉर्च घेऊन धारेवर चढल्या, कारण तिथं पलीकडच्या टॉवरची रेंज येते. अडीच तास लागले. फोन लागला, गाडी दरडीच्या पलीकडं येऊन थांबली, माणसांनी डोली करून तिला दरड ओलांडून नेलं. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

त्या रात्री आमच्याकडं रेडिओ असता तर बाळ वाचलं असतं, असं आम्ही म्हणणार नाही. डॉक्टरही तसं सांगू शकणार नाहीत. पण ते अडीच तास आमच्या मनातून जात नाहीत. ज्या दोघी धारेवर गेल्या, त्यांच्यातली एक आजही पाऊस सुरू झाला की आधी फोनची रेंज बघते.

ताईंनी हे सगळं ऐकलं. नंतर आम्हाला खोटी आशा लावली नाही, ही त्यांची गोष्ट आम्हाला आवडली. त्या म्हणाल्या, "हा रेडिओ म्हणजे फोन नाही. नंबर लावला की समोरचा उचलेल असं होत नाही. पलीकडं कुणीतरी जागं असायला हवं, ऐकत असायला हवं." म्हणून हॅम लोक ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी एकत्र येतात. एक जण हजेरी घेतो, त्याला नेट म्हणतात. पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून रोज त्या नेटवर हजेरी लावलेली असेल, तर एक दिवस आवाज आला नाही तरी पलीकडचे विचारतात, डांगाणवाली कुठं गेली? आणि जीव धोक्यात असल्याची हाक कानावर आली तर बाकी सगळ्यांनी आपलं बोलणं थांबवून ती आधी ऐकायची, हा रेडिओचा सगळ्या जगातला नियम आहे.

नियम मात्र कडक आहेत. सखूमावशींनी विचारलं, "यावरून नाशिकच्या व्यापाऱ्याला वरईचा भाव विचारता येईल का?" नाही. या रेडिओवरून धंदा करता येत नाही. ऑर्डर नाही, भाव नाही, हप्ता नाही. गाणी लावता येत नाहीत. गुपित बोलता येत नाही, जे काही बोलाल ते कुणीही ऐकू शकतं. लायसन्स ज्याचं त्यानंच बोलायचं. एकीनं विनवलं, माझी मुलगी पुण्यात आहे, तिला एवढा निरोप सांगा. ताईंनी त्यालाही नाही म्हटलं, आणि ती बाई थोडी रुसली. दुसऱ्यांचे निरोप नेहमीच्या दिवसांत पोचवता येत नाहीत. भूकंप, पूर, वादळ अशा आपत्तीत नेहमीची साधनं बंद पडली की मग मुभा आहे, तीसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांसारख्या जबाबदार अधिकाऱ्यांच्या निरोपांना. आम्हाला आधी हे जाचक वाटलं. नंतर वाटलं, गटाच्या पैशाला जसे आपण नियम लावतो तसंच आहे. ज्याला त्याला मोकळं सोडलं असतं तर त्या खरखरीत हाक ऐकू आली नसती.

ताईंच्या वहीबद्दल सांगायचं राहिलं. प्रत्येक बोलणं त्या वहीत लिहितात. कोण, किती वाजता, कुठल्या जागी, आवाज कसा आला. आपल्या इतिवृत्ताच्या वहीची बहीणच. फक्त त्यात दुपारच्या साडेचारला अकरा लिहिलेले. आम्हाला वाटलं घड्याळ बिघडलंय. तर जगभरच्या हॅम लोकांनी एकच वेळ धरायची ठरवलेली आहे, आणि ती आपल्या मागं साडेपाच तास आहे.

रात्री त्यांनी मोर्स वाजवून दाखवलं. डिट-डा, डिट-डा. बोलण्यापेक्षा हे टिकटिक लांब जातं, कारण सगळी ताकद एका बारीक सुरात असते. मागं कितीही खरखर असली तरी कान तो सूर शोधतो. पाच वॅटवर त्यांना श्रीलंकेतून उत्तर आलं. शेकोटीजवळ बसलेली आमच्या वाडीतली नववीतली पोर पळीनं तव्यावर तेच वाजवायला लागली. भाकरी करपली, ती गोष्ट निराळी.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं, ताईंची छोटी सोलर प्लेट काही चार्ज देईना, बॅटरी बसली. त्या आवरायला निघाल्या होत्या. तेवढ्यात धोंडाबाईंच्या मुलानं फवारणीचा पंप आणला. त्यातली बॅटरी १२ व्होल्टची. ताईंनी मीटर लावून बघितलं, लाल-काळी तार तपासून जोडली, आणि सेट सुरू. त्या दिवशी आमच्या टोमॅटोच्या पंपावर हैदराबादशी बोलणं झालं.

मग ताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. आम्हाला त्या तुमच्यापर्यंत पोचवायच्याच होत्या.

पहिली भारती प्रसाद यांची. त्या हॅम. डिसेंबर २००४ मध्ये आपला चमू घेऊन त्या अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तिथं कित्येक वर्षांत हॅम रेडिओ लागलेला नव्हता, म्हणून जगभरचे लोक त्यांच्याशी बोलायला रांग लावत होते. हौसेचाच प्रवास. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली आणि मग त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले. तेव्हा याच बाईंनी आपलं हौसेचं स्टेशन कामाला लावलं, बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवायला सुरुवात केली. त्यांचा सेट ताईंच्या सेटपेक्षा मोठा होता, हे खरं. पण तोही प्रवासात बरोबर नेलेलाच होता. कुणी आपत्तीसाठी म्हणून पाठवलेला नव्हता. बाई तिथं होती आणि तिला तो चालवता येत होता.

ताई म्हणाल्या, पश्चिम बंगालमधले हॅम गंगासागरच्या जत्रेत स्टेशन लावून बसतात आणि हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरच्यांशी भेटवतात. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एकीला दिंडीत चुकलेली आपली सासू आठवली. दीड दिवसानं सापडली होती.

दुसरी गोष्ट सेटची. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा साधा, स्वस्त सेट तयार केला. त्यांनी त्याची रचना सगळ्यांना मोकळी करून दिली, कुणीही बघून बनवावी. त्याचे जुळवलेले बोर्ड पुढं देशोदेशी गेले. एक बोर्ड होता तो सात वॅटचा. या बोर्डात तांब्याच्या तारेची छोटी छोटी वेटोळी असतात, ती महिलांच्या एका गटानं हातानं गुंडाळलेली. ताईंचा सेट त्याच घराण्यातला, पेटी तेवढी त्यांनी घरी पत्रा कापून केलेली. हे ऐकल्यावर सखूमावशींनी ती पेटी पुन्हा हातात घेतली आणि उलटसुलट करून बराच वेळ बघितली. आम्ही कुरडया-पापड करतो, गोधड्या शिवतो. कुठल्यातरी बायकांनी गुंडाळलेली तार केरळशी बोलते, हे आम्हाला नवीन होतं.

ताई गेल्या. मग आमच्या सभेत भांडण झालं, तेही सांगतो, नाहीतर वाटेल सगळं गोड-गोडच झालं. विषय असा की गटाच्या निधीतून दोघी-तिघींना हॅमच्या परीक्षेला बसवायचं का, आणि पुढं एक सेट घ्यायचा का. बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत असा सेट येतो. एक बाजू म्हणाली, हे पैसे बियाण्याला लागतात, रेडिओनं पोट भरतं का? दुसरी म्हणाली, श्रावण विसरलात का? आवाज चढले. श्रावणातली ती लेक सभेत होती. ती एवढंच म्हणाली, "मला बसू द्या परीक्षेला. फीचे पैसे मी कर्जाऊ घेते." मग तो ठराव झाला. सेटचा ठराव अजून झालेला नाही. निधीला हात लावायला सगळ्या तयार नाहीत आणि त्यांचंही चुकीचं नाही, मागच्या वर्षी भात वाहून गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय.

आता परीक्षेचं. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा ही परीक्षा घेते. अर्ज सरल संचार या पोर्टलवर भरायचा. वयाची अट १२ वर्षं पूर्ण, वरची मर्यादा नाही. दोन विषय असतात, एक रेडिओचं शास्त्र आणि दुसरा नियम. सुरुवातीच्या दर्जाला मोर्स लागत नाही, वरच्या दर्जाला लागतं. पास झाल्यावर लायसन्स हातात यायला वेळ लागतो, म्हणून पुढच्या पावसावर डोळा ठेवायचा असेल तर आत्ताच सुरुवात हवी.

आमच्याकडून सध्या तिघी आहेत. ती लेक, आमच्या आशाताई आणि तव्यावर वाजवणारी नववीतली पोर. अडचण पुस्तकांची. मिळाली ती इंग्रजीत. समन्वयक रात्री बसून एक-एक पान मराठीत सांगते आणि जिथं तिला कळत नाही तिथं ताईंना फोन लावते. व्होल्टेज समजेना, तेव्हा आशाताईंनीच तोडगा काढला. म्हणाल्या, पाण्याची टाकी जितकी उंच तितका दाब, तो व्होल्टेज. नळातून वाहतं ते पाणी म्हणजे करंट. नळ अर्धा बंद केला तो रोध. यानंतर त्या धड्यावर कुणी अडलं नाही.

आणखी एक गंमत. हॅम मंडळी बाई हॅमला वायएल म्हणतात. वायएल म्हणजे यंग लेडी, तरुण बाई, वय कितीही असो. सखूमावशींनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांनी अजून परीक्षेचं काही कबूल केलेलं नाही, पण वर्गाला रोज येतात आणि चहा त्यांचाच असतो.

आसपासच्या वाड्यांतल्या ज्यांना यायचं असेल त्यांनी या. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, चुलीची कामं आटोपून, अंगणवाडीत. येत्या गुरुवारी तार बांधायला शिकायचं आहे. वही-पेन आणा, वीसेक मीटर सुतळी आणा आणि मुठीत मावेल असा एक दगड आणा. नेम मावशी शिकवणार आहेत.